खात्याचा अंगठा

मार्च निम्मा झाला की रोह्याला वारा फिरतो. सकाळी धाटावकडून कंपन्यांचा वास येतो, औषधाच्या बाटलीचं बूच काढल्यासारखा. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की तो वास मागे हटतो. या वाऱ्याला स्वतःचा काही वास नाही, पण माझे ओठ खारट होतात. पेणची खाडी इथून लांब आहे, तिथलं मीठ उडून इथवर येत नाही, एवढं मला कळतं. जावई म्हणतो, आई, तुमचं बीपी तपासून घेऊ. बीपी तपासलं, ठीक निघालं. ओठ खारट होतात ते होतातच.

यंदा याच दिवसांत नात जर्मनीला जायला निघाली. प्राची तिचं नाव, माझ्या वनिताची मुलगी. तिकडे शिकायचं, मग नोकरी. जाण्याआधी इथे एक बचत खातं उघडून ठेवायचं होतं, आणि त्याला इथे राहणाऱ्या कुणाचं तरी दुसरं नाव लावायचं होतं. आता त्यासाठी बँकेत जावं लागत नाही. बँकेची एक मुलगी पाठीवर पिशवी घेऊन घरी आली, पंख्याखाली बसली, पाणी प्याली आणि डबीएवढं यंत्र टेबलावर ठेवून म्हणाली, "दुसरं नाव कुणाचं?"

जावयाने शर्टाची बाही सारखी केली. वनिता स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी राहिली. प्राचीने माझ्याकडे बोट दाखवलं.

मी विचारलं, माझं कशाला, मी उद्या मरेन. तर म्हणते, "आई कुणाला नाही म्हणत नाही, पप्पा सगळ्यांना हो म्हणतात. तुझ्याकडून पैसे काढायची कुणाची छाती आहे?"

जावई हसला. हसावंच लागलं त्याला.

मग त्या मुलीने माझा अंगठा यंत्रावर ठेवला. लाल दिवा लागला. पुसून ठेवला, परत लाल. तिने मला साबणाने हात धुवायला लावले, तेलाचं बोट लावून बघितलं, दाबून बघितलं. शेवटी माझा हात उजेडाकडे धरून ती म्हणाली, "आजी, रेषाच नाहीत हो तुमच्या."

साबणाने आणि वयाने झिजल्या असतील. पण हे वाक्य मी याआधी एकदा ऐकलं होतं. तेव्हा अंगठा माझा नव्हता, माझ्या सासूचा होता.

मला मिठागरावर दिलं तेव्हा मी मिठागर पाहिलेलं नव्हतं. माझं माहेर निडीचं, भाताचं आणि वालाचं. चौथीपर्यंत शाळा शिकले, मग गुरं. आमच्याकडे हिवाळा म्हणजे हिरवा वाल, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून लावलेली पोपटी, शेकोटीभोवती गप्पा. सासर पेणच्या खाडीकाठी. तिथे हिवाळा संपता संपता वाफ्यांत खाडीचं पाणी घेतात, ऊन ते पाणी पिऊन टाकतं आणि खाली मीठ राहतं. लांब दांड्याच्या फळीने ते ओढायचं, ढीग करायचे, टोपल्या डोक्यावर घेऊन बांधावर न्यायच्या. लोकांना वाटतं मीठ म्हणजे पांढरं, शुद्ध. मीठ चावतं. तळव्याला भेग पडली की त्या भेगेत शिरून ते हाडापर्यंत बोलतं. डोळ्यांत पांढरा उजेड घुसतो, तो घरी आल्यावरही जात नाही, चुलीपुढे बसलं तरी जाळात पांढरे ठिपके नाचतात. हाताची कातडी आधी लाल होते, मग फुटते, मग पिवळी कडक होते आणि त्यानंतर तिला काही लागत नाही. माझी सासू निखारा चिमटीत धरून चुलीतून बाहेर काढायची. नवी नवरी म्हणून मी ते बघून घाबरले होते. तिला ते कळलं आणि तिने मुद्दाम आणखी एक काढला.

पारूबाय तिचं नाव. सगळी तिला आये म्हणत, मीही म्हणायचे. लोकांना वाटेल आता मी तिचे गुण सांगेन. गुण नव्हते. पहिल्याच वर्षी आमटी खारट झाली म्हणून तिने गरम पळी माझ्या दंडावर मारली. डाग अजून आहे. मिठागरावरच्या घरात आमटी खारट होणारच, पण ते ऐकायला ती थांबली नाही.

मिठाचा हंगाम हा माराचा हंगाम. ऊन डोक्यात जातं, दुपारपर्यंत पुरुषांच्या पोटात गावठी गेलेली असते, आणि सगळ्यांच्या हातात लांब दांडे. एकदा बांधाच्या बाजूने पाणी कुणी आधी घ्यायचं यावरून दोघांची जुंपली. एकाने फळी उभी धरून दुसऱ्याच्या डोक्यात घातली. तो बसला, मग आडवा झाला, आणि त्याच्या डोक्याखालचं मीठ गुलाबी होत गेलं. इतकं सुंदर गुलाबी मी नंतर कुठे पाहिलं नाही, लग्नातल्या शालूतही नाही. माणसाला उचलून पेणला नेलं. मुकादमाने फावड्याने वरचा थर काढायला लावला, पण खालपर्यंत भिनलेलं कोण काढणार. ढीग गोण्यांत भरला आणि गेला. त्या वर्षी कुणाच्या तरी लोणच्यात तो माणूस गेला असणार. जिवंत राहिला तो, पण एका बाजूने हसायचा.

बायकांना मारायला भांडण लागत नसे. माझा नवरा मारायचा तो जेवण झाल्यावर, सावकाश, काम उरकल्यासारखा. मिठाच्या घरात मार दोनदा लागतो. एकदा पडतो तेव्हा, आणि दुसऱ्यांदा सकाळी, फुटलेल्या जागी वाफ्यातलं पाणी उडतं तेव्हा. दुसरा पहिल्यापेक्षा वाईट. बांधावर टोपल्या वाहताना कुठली बाई कुठे हात दाबते यावरून आम्हाला कळायचं काल कुणाकडे काय झालं. कुणी विचारत नसे. "आज डावी बाजू गो?" एवढंच कुणी तरी चालता चालता म्हणायची आणि टोपलीला उजवीकडून हात लावायची.

आणखी एक रीत होती तिथे, ती सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बाईची मजुरी बाईच्या हातात पडत नसे. मुकादम ती नवऱ्याच्या हातात द्यायचा, नवरा नसेल तर मुलाच्या. कुणाला त्यात चुकीचं वाटत नव्हतं. पारूबायने जन्मभर मीठ ओढलं. आधी तिची मजुरी सासऱ्याने घेतली, मग नवऱ्याने, तो मेल्यावर मुलाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने. ती मजुरी वाटताना तिथे उभीसुद्धा राहत नसे. टोपली उपडी करायची आणि घरी चालू लागायची.

मी एकदा वनिताला काखेत घेऊन निडीला भावाकडे पळून गेले. हिवाळाच होता. भावाने पोपटी लावली, वाल, बटाटे, अंडी, पोटभर खायला घातलं, आणि सकाळी स्वतः सोबत येऊन मला परत सासरी पोचवलं. वाटेत म्हणाला, आपल्याकडे कुणी राहत नाही असं परत. मला त्या वालाचा राग येतो अजून. दुसऱ्यांदा पळाले तेव्हा वनिता पाच-सहा वर्षांची होती, तिला नेता आलं नाही. तेव्हा मी भावाकडे दोन दिवस टेकले आणि त्याच्या बायकोच्या ओळखीने रोह्यात कामाला लागले. धाटावच्या एका कंपनीत साहेब होते, त्यांच्या घरी दोन मुलं सांभाळायची आणि स्वयंपाक करायचा. भावाने या वेळी परत पोचवलं नाही, कारण मी त्याच्या ताटात जेवत नव्हते.

पगाराच्या दिवशी नवरा रोह्याला यायचा. शिफ्ट सुटायची, सायकली आणि बस दारावरून जायच्या, आणि त्या गर्दीसमोर तो फाटकापाशी माझा हात पिरगळून पैसे घ्यायचा. एकदा साहेबांच्या बाईंनी गच्चीवरून पाहिलं. त्या खाली आल्या, तर हा हात जोडून म्हणाला, नमस्कार बाई. असाच होता तो. माझ्याशी भांडायला त्याला अंगात जोर यायचा आणि साडी नीट नेसलेल्या बाईसमोर त्याचा आवाज निघत नसे.

साहेबांना मस्कतला नोकरी लागली. बाई म्हणाल्या, मुलं तुझ्याशिवाय जेवत नाहीत, येशील का. मी लगेच हो म्हटलं. मस्कत कुठे आहे ते नंतर विचारलं. नवऱ्याने विरोध केला नाही. परदेशी गेलेल्यांच्या घरांवर आमच्या बाजूला तेव्हा नुकते पत्रे जाऊन स्लॅब यायला लागले होते. त्याच्या डोळ्यांत स्लॅब दिसत होता. वनिता त्याच्याकडे आणि सासूकडे राहणार होती, म्हणून तो निर्धास्त होता. मी कुठे जाणार.

बाईंनी मला एक गोष्ट निक्षून सांगितली. जाण्याआधी इथे स्वतःच्या नावाचं बचत खातं उघड. पगार त्यात येईल. तू तिकडे असशील तेव्हा मुलीसाठी पैसे काढायला मागे राहणाऱ्या एका माणसाचं दुसरं नाव लागेल. ते कुणाचं, ते तू ठरव. मी ठरवणार असं त्यांना वाटलं, कारण त्या पुण्याच्या होत्या.

खातं पेणला उघडायचं ठरलं, सासर जवळ म्हणून, आणि जाईपर्यंतचे दिवस मी सासरी येऊन राहिले. दुसरं नाव नवऱ्याचं, हे सगळ्यांनी धरलेलंच होतं, मीसुद्धा. तोंड धुवायलाही कारण नसलेला माणूस त्या सकाळी दाढी करून बसला. मग त्याने मला विचारलं, वरती कुणाचं नाव? मी म्हटलं, माझं, पगार माझा म्हणून. खाली तुमचं. तो बराच वेळ आरशात बघत राहिला. शेजारचा कुणी तरी ओट्यावर बसला होता, तो हसला. तेवढं पुरलं.

"बायकोच्या नावाखाली माझं नाव? मी काय हिचा पोर हाय?" तो म्हणाला. आणि आत तांदूळ निवडत बसलेल्या आईकडे हात करून म्हणाला, "तिचं टाक. आयचा अंगठा म्हनजे माझाच अंगठा."

त्याचं चुकलं असं त्या दिवशी गावात कुणालाच वाटलं नसतं. जन्मभर तिची मजुरी त्याच्या हातात पडलेली होती. तिचा हात त्याचाच होता. पारूबायने तांदूळ खाली ठेवले, लुगडं झटकलं आणि माझ्यासोबत निघाली. पेणच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणाली, वडा घे. मी घेतला. तिने तो सगळा एकटीने खाल्ला.

बँकेत थंड होतं आणि नव्या रंगाचा वास होता. दारात एक बंदूकवाला बसला होता. सासू त्याच्या बंदुकीकडे बघत आत गेली. माझी सही घेतली. चौथीनंतर मी नाव लिहिलं नव्हतं, पण जमलं. मग क्लार्कने तिचा डावा अंगठा धरला, शाईत दाबला, कागदावर फिरवला. काळा गोळा उमटला. त्याने पुसलं, परत केलं, परत काळा गोळा.

"आजी, रेषा कुठे गेल्या?" त्याने विचारलं.

"मिठात," ती म्हणाली.

क्लार्क तरुण होता. हसू की नको असं त्याला झालं. तो म्हणाला, हरकत नाही, अशा माणसांसाठी फोटो असतो, पण पैसे काढायला तुम्हालाच यावं लागेल, दुसऱ्या कुणाला देणार नाही, मुलगा आला तरी नाही. तिने मान हलवली. मला वाटलं तिला कळलं नाही. मला वाटलं हिला सगळं सारखंच.

निघायच्या आदल्या दुपारी नवऱ्याने मला मारलं. कारण नव्हतं. जाणार म्हणून असेल, किंवा उरलेलं मारून घ्यावं म्हणून. मिठाच्या फळीचा तुटका दांडा दाराशी होता तो घेतला. बाहेर ऊन असं पडलं होतं की अंगणातला कुत्रा भिंतीला चिकटून सावली शोधत होता. मी तुळशीपाशी पडले. खांद्यावर बसला, पाठीवर बसला, मग ओठ फुटला आणि दात हलला. सासू ओट्यावर सूप घेऊन बसली होती. पाखडण्याचा आवाज थांबला नाही. एकदाच ती बोलली.

"तोंडावर नको मारू. इमानात नाय घेनार तिला."

मारायचा थांबला तो. पाठीवर आणखी दोन घालून मग थांबला. विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या माणसाने पासपोर्टवरचा फोटो बघितला, माझं तोंड बघितलं, परत फोटो बघितला. बाई म्हणाल्या, जिन्यावरून पडली. तो म्हणाला, सगळ्या जिन्यावरूनच पडतात, आणि शिक्का मारला.

मस्कतबद्दल मला फार सांगायचं नाही. ऊन तिथेही होतं, पण ते खिडकीच्या काचेपलीकडे. मीठ पांढऱ्या डबीत, भोकं असलेल्या झाकणातून पडणारं, पिठासारखं बारीक. मी पहिल्यांदा तळहातावर घेऊन वास घेतला. वास नव्हता. पहिले काही महिने कुणी पटकन हात वर केला, नुसता घड्याळ बघायला, तरी मी खाली वाकायचे. साहेबांच्या धाकट्या मुलीला तो खेळ वाटायचा. ती मुद्दाम हात वर करायची आणि हसायची. मीही हसायचे. मग एक दिवस मी वाकले नाही. तिला वाईट वाटलं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. वनिताने सांगितलं तेच सांगते. ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती, आणि दर वेळी थोडं वेगळं सांगते, पण हाडं तीच असतात.

पहिला पैसा आला तेव्हा सासू नवऱ्याला न सांगता वनिताला घेऊन पेणला गेली. काळा गोळा उमटवला आणि वनिताच्या शाळेचा ड्रेस, दप्तर, चपला एवढ्यापुरतं काढलं. नवऱ्याने चपला बघितल्या. विचारलं, कुठून? सासू म्हणाली, खात्यातून. तिने खोटं बोलायचं मनातही आणलं नाही. त्याला आधी आनंद झाला. त्या दिवशी त्याने आईसाठी सुकट आणलं. रात्रीच्या जेवणात म्हणाला, उद्या आपण दोघं जाऊ आणि सगळं काढू. त्याला मोटरसायकल घ्यायची होती. धाटावला कंपनीत जाणारे लोक मोटरसायकलवर जायचे. त्याला कंपनीत जायचं नव्हतं, फक्त मोटरसायकल हवी होती.

"सकाळी भाकऱ्या झाल्यावर," सासू म्हणाली.

सकाळी वनिता चुलीपाशी बसून केस विंचरून घेत होती. सासूने एक हात वनिताच्या डोक्यावर ठेवला होता आणि दुसऱ्याने भाकरी उलटत होती. हंगाम सुरू होता, दारातून पांढरा उजेड आत आलेला. शेवटची भाकरी तिने टोपलीत टाकली. तवा उतरवला नाही. लाकूड आणखी आत सारलं. मग डाव्या हाताचा अंगठा तव्यावर ठेवला आणि वरून उजव्या हाताने दाबला.

वनिता म्हणते आवाज मासळी टाकल्यासारखा आला. मग वास. आजी ओरडली नाही, नुसती दातांवर दात धरून बसली होती आणि वनिताच्या डोक्याला तिचं कोपर जोरात रुतत होतं. निखारे उचलणारा हात तो, त्याला जाळायला वेळ लागला. वनिताने ओढायचा प्रयत्न केला तर तिला लाथ बसली. अंगठा उचलला तेव्हा कातडं तव्याला राहिलं. तिने ते सुरीने खरवडून टाकलं, तवा पुसला आणि वनिताची वेणी पुरी केली. एका हाताने, वाकडी.

तिने असं का केलं, हे मी खूप वेळा मनात फिरवलं आहे. माझ्यावर माया म्हणून नाही, हे मी खात्रीने सांगते. वनितावर असेल थोडी. तिला वाटलं होतं, खातं म्हणजे तो अंगठा. अंगठा गेला की खात्याचं दार बंद, मग मुलाने मारून मारून काय उघडायचं. मार खाऊन आपण शेवटी हो म्हणतो, हे तिला स्वतःबद्दल ठाऊक होतं. म्हणून हो म्हणायची सोयच तिने ठेवली नाही. एवढा साधा विचार होता तो. मला तो कधी सुचला नसता.

नवऱ्याने तो अंगठा बघितला. वनिता म्हणते, त्याला आधी कळलंच नाही. मग त्याने आईच्या कानाखाली ठेवून दिली आणि तिला तसंच मनगटाला धरून एसटीत घातलं. वनिता मागोमाग चढली, तिला कुणी उतरवलं नाही. उन्हात गाडी तापलेली, सासूच्या अंगठ्यातून पाणी गळत होतं आणि शेजारच्या बाईने कोरफड लावा असं सुचवलं.

बँकेत क्लार्क तोच होता. अंगठा बघून तो खुर्चीतून उठला. दवाखान्यात न्या आधी, म्हणाला. नवरा म्हणाला, आधी पैसे. अंगठा जळाला तर काय झालं, आयच हाय ना ही, फोटो बघा. क्लार्कने फोटो बघितला. मग चांगल्या मनानेच म्हणाला, "डावा नसला तरी चालतं. आजी, उजवा द्या."

वनिता म्हणते त्या क्षणी आजीचं तोंड एकदम म्हातारं झालं. तिला हे ठाऊक नव्हतं. बँकेला कुठलाही अंगठा चालतो, जळलेला फुकट गेला, हे तिला त्या खिडकीपाशी उभं असताना कळलं. नवरा हसला. हसत हसत त्याने तिचा उजवा हात धरायला हात पुढे केला.

तिने तो हात पदराखाली घेतला आणि पाठ भिंतीला लावली.

"उजवा माजा हाय," ती म्हणाली. "खात्याचा नाय."

त्याने तिला तिथेच मारलं. पासबुकं घेऊन उभ्या असलेल्या लोकांसमोर, पंख्याखाली, त्या रंगाच्या वासात. मूठ तोंडावर, मग गुडघा पोटात. ती खाली बसली पण हात बाहेर काढला नाही. तो वाकून पदर ओढत होता, पदर फाटला, ती हातावर पालथी पडून राहिली. वनिता त्याच्या पोटरीला चावली. रक्त येईपर्यंत चावली, हे ती प्रत्येक वेळी सांगते आणि प्रत्येक वेळी तिला बरं वाटतं. मग बंदूकवाला उठला. बंदूक त्याने वापरली नाही, बहुतेक तिच्यात काही नसेलच. त्याने नवऱ्याला मानगुटीला धरून पायऱ्यांवरून खाली ढकललं. क्लार्क मोठ्याने म्हणाला, बाईची इच्छा नसेल तर एक पैसा मिळणार नाही. नवऱ्याने स्टँडवर आईची वाट बघितली आणि उरलेलं तिथे मारलं. तिथे बंदूकवाला नव्हता. लोक होते, ते बघत होते.

पैसे राहिले.

नवऱ्याने पुढे पुष्कळ वर्षं काढली आणि दारूने गेला. मी त्याच्या तोंडात पाणी घातलं, ते कुणी तरी घालायचं असतं म्हणून. आता ती मिठागरंही गेली आहेत. मध्यंतरी एका लग्नाला गडब गावापर्यंत गेले होते, तेव्हा जावयाने गाडी खाडीकडे वळवली. बांध फुटून उधाणाचं पाणी आत शिरलेलं, वाफ्यांत तिवरं उगवलेली, चिखलात बगळे. त्यांच्यासाठी चांगलं झालं. मी गाडीतून उतरले नाही.

मी पहिल्यांदा सुट्टीवर आले तो दिवस एवढ्यासाठी लक्षात आहे की पेणच्या स्टँडवर मला घ्यायला सासू आली होती आणि तिने मला ओळखलं नाही. मी जाड झाले होते. वनिताने दाखवलं तेव्हा तिने वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि म्हणाली, तिकडे खायला देतात वाटतं. तिचा डावा अंगठा मी बघितला. गुळगुळीत, चकचकीत, आत वळलेला, नख नाही. त्या हाताने तिला फळी धरता येत नव्हती, म्हणून तिने मीठ सोडलं होतं. माझ्या पैशांवर ती घरात बसून भाकऱ्या भाजत होती आणि सगळ्या गल्लीला शिव्या देत होती. तिचे पाय पहिल्यांदाच मऊ झाले होते. मी विचारलं, आये, अंगठ्याला काय केलंस? म्हणाली, भाकरी जलत होती. खरं काय ते वनिताने मला नंतर सांगितलं.

मला परत जायचं होतं. म्हणून आम्ही तिघी बँकेत गेलो. नवरा मागोमाग आला, पण पायऱ्यांच्या खाली थांबला. बंदूकवाला अजून तोच होता आणि त्याने नुसतं त्याच्याकडे बघितलं. काचेतून तो दिसत होता, चहाच्या टपरीला टेकून, बिडी विझलेली, आत काय चाललंय ते मान वाकडी करून बघणारा. मी क्लार्कला सांगितलं, आता मी जाते आहे तेव्हा दुसरं नाव बदलून भावाचं टाका. म्हातारीला आणखी मार नको. मला तेवढंच सुचलं. भाऊ वालाची पोपटी लावून मला परत पाठवणारा, तरी तेच नाव माझ्या तोंडात आलं, कारण दुसरा पुरुष मला ठाऊक नव्हता.

सासूने ऐकलं. क्लार्क कागद शोधायला वळला, तेवढ्यात तिने मला कोपराने बाजूला सारलं. जोरात, खांदा दुखला माझा. आणि उजवा हात पदराखालून काढून खिडकीत ठेवला.

क्लार्कने माझ्याकडे बघितलं. मी खांदा चोळत होते. त्याने नाव बदलायचा कागद शोधायचं सोडलं, तिच्या फोटोचा जुना कागद काढला, तो अंगठा शाईत दाबला, त्यावर डावीकडून उजवीकडे फिरवला आणि उचलला. काळा गोळा नव्हता. मिठातून सुटलेल्या त्या हाताला कातडी परत आली होती. गोल गोल, बारीक, पाण्यात खडा टाकल्यासारख्या रेषा उमटल्या होत्या, मध्ये एक जुनी कापल्याची तिरकी खूण.

सासू वाकली. तिने ते आधी कधी पाहिलं नव्हतं. बराच वेळ बघत राहिली. मग बाहेर टपरीशी उभ्या असलेल्या मुलाकडे एकदा बघितलं आणि मला म्हणाली,

"बघ गो. मना पन हायेत."

आणि अंगठ्याची शाई माझ्या मस्कतच्या नव्या साडीला पुसली.